शटआउट, व्हाइटवॉश की बॉयकॉट? एकतर्फी विजयासाठी आणि बाहेर ठेवण्यासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने कसोटी क्रिकेट मालिकेत भारताला भारतातच ३-० असं हरवलं. बेंगळुरूत आपला पहिला डाव ४६ धावांत आटोपला आणि सामना आठ गड्यांनी गेला. पुण्यात, गहुंज्याच्या मैदानावर, ११३ धावांनी हार झाली. वानखेडेवर १४७ धावांचं लक्ष्य होतं. ऋषभ पंत खेळत होता तोवर सामना आपल्या हातात होता, तो ६४ वर बाद झाला आणि भारत १२१ वर संपला. हार अवघ्या २५ धावांची. तीन किंवा अधिक कसोटींच्या मालिकेत मायदेशी सगळेच्या सगळे सामने हरण्याची भारताची ही पहिली वेळ.

या मालिकेला इंग्रजीत व्हाइटवॉश म्हणतात आणि ते अचूक आहे. पण मुंबईच्या त्या कसोटीला कुणी राउट म्हटलं तर ते चूक ठरेल. राउट म्हणजे दाणादाण, आणि वानखेडेवर दाणादाण उडाली नव्हती, चुरस झाली होती. मालिका व्हाइटवॉश, तिच्यातला शेवटचा सामना मात्र अटीतटीचा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मराठीत आपण धुव्वा उडवला, धूळ चारली, चारी मुंड्या चीत केलं, फडशा पाडला हे जवळपास एकमेकांच्या जागी वापरतो आणि ते खपून जातं. इंग्रजीचे समानार्थी कोश उघडले की असं वाटतं, तिथेही तसंच असावं: थ्रॅश, ट्राउन्स, शट आउट, स्वीप, व्हाइटवॉश सगळे एका ओळीत मांडलेले असतात. बाहेर ठेवण्याच्या शब्दांचीही तीच गत: एक्सक्लूड, बार, बॅन, डिबार, एक्स्पेल, बॉयकॉट, ऑस्ट्रासाइज. पण यातल्या बहुतेक शब्दांना स्वतःचा हिशेब आहे. तो कळला की पाठांतराची गरजच उरत नाही. स्पर्धा परीक्षेत निबंध किंवा पत्र लिहिणारे, क्रीडापानावर काम करणारे, संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारे आणि इंग्रजी शब्दकोडी सोडवणारे, या सगळ्यांसाठी खालची रीत उपयोगी पडेल.

पहिली पायरी: मोजलं काय जातंय?

विजयाचा शब्द निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. हरलेल्याचं शून्य मोजायचं आहे, जिंकलेल्याचं 'सगळं' मोजायचं आहे, की दोघांतलं अंतर मोजायचं आहे? आपल्या हॉकीच्या इतिहासात याची इतकी सुरेख उदाहरणं आहेत की दुसरीकडे जायला नको.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ३-० ने हरवलं. हे शटआउट. पाचही सामने शटआउट. तीन गोलांचा फरक काही प्रचंड नाही, तरीही शब्द बरोबर आहे, कारण इथे फरक मोजला जात नाही, शून्य मोजलं जातं. १-० हेसुद्धा शटआउटच.

१९३२ मध्ये लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं. इतका एकतर्फी निकाल क्वचितच लागतो, पण हे शटआउट नाही. अमेरिकेने तो एक गोल केला आणि शब्द हातातून गेला. इथे राउट, थ्रॅशिंग, ड्रबिंग यांपैकी काहीही चालेल, कारण हे शब्द अंतर मोजतात.

१९३६ च्या बर्लिनमध्ये भारताने जपानला ९-०, हंगेरीला ४-०, अमेरिकेला ७-० आणि उपांत्य सामन्यात फ्रान्सला १०-० ने हरवलं. चार शटआउट. मग अंतिम सामन्यात जर्मनी ८-१. त्या स्पर्धेत भारतावर झालेला तो एकमेव गोल. संपूर्ण मोहिमेला शटआउट म्हणता येणार नाही. अंतिम सामन्याला राउट खुशाल म्हणा.

'सगळं' मोजणारे शब्द वेगळे. व्हाइटवॉश आणि स्वीप किंवा क्लीन स्वीप हे मालिकेसाठी असतात, एका सामन्यासाठी नाही. निदान क्रिकेटमध्ये तरी हे काटेकोर पाळा. 'इंडिया व्हाइटवॉश्ड श्रीलंका' असं एका सामन्याबद्दल लिहिलं तर क्रिकेट जाणणारा वाचक लगेच विचारेल, मालिका कुठली? या दोन शब्दांत सुराचाही फरक आहे. स्वीप जिंकणाऱ्याच्या बाजूने बोलतो, व्हाइटवॉशमध्ये हरलेल्याची नामुष्की ऐकू येते. १९८४ मध्ये वेस्ट इंडिजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये ५-० ने हरवलं तेव्हा त्या मालिकेला ब्लॅकवॉश हे नाव पडलं आणि ते टिकलं. त्या एका प्रसंगाचा आणि त्या संघाचा अभिमान त्यात आहे, म्हणून तो शब्द दुसऱ्या मालिकांना चिकटवू नये असं मला वाटतं.

इथेच एक सापळा आहे. वॉशआउट म्हणजे पावसाने वाया गेलेला सामना. व्हाइटवॉशशी त्याचा संबंध नाही. 'वुई वॉश्ड देम आउट' असं लिहून विजय सांगता येत नाही.

स्लॅमही 'सगळं' मोजतो. पत्त्यांच्या ब्रिज खेळात तेराही हात जिंकले की ग्रँड स्लॅम, बारा जिंकले की स्मॉल स्लॅम. टेनिसमध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणं हा ग्रँड स्लॅमचा मूळ अर्थ. त्यातल्या एकेका स्पर्धेलाही आता ग्रँड स्लॅम म्हणतात, आणि हा वापर इतका रुजलाय की त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. मेंढीकोटात चारही दश्श्या एकाच बाजूने ओढल्या की कोट होतो. एखाद्या इंग्रजी वाचकाला ते समजावताना स्वीप हा शब्द जवळचा वाटतो, स्लॅम नाही, कारण कोट व्हायला सगळे हात जिंकावे लागत नाहीत.

अंतर मोजणाऱ्या शब्दांत चढता क्रम लक्षात ठेवला की पुरे. एज आउट किंवा पिप म्हणजे निसटता विजय. बीट आणि डिफीट म्हणजे साधा विजय. आउटप्ले, आउटक्लास म्हणजे खेळात सरस ठरणं. यात धावफलकापेक्षा खेळाचा दर्जा महत्त्वाचा. त्यावर ट्राउन्स, थ्रॅश, ड्रब, हॅमर, राउट. या वरच्या पायरीवरच्या शब्दांत अर्थाचा फरक फार नाही, राउटमध्ये मात्र मोडून पडण्याची, पळापळीची छटा आहे, कारण मुळात तो रणांगणावरचा शब्द. २ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकात वानखेडेवर श्रीलंका ५५ धावांत गुंडाळली गेली आणि भारत ३०२ धावांनी जिंकला, तो अगदी राउटच होता. फलंदाजी कोसळत गेली, कुणी उभंच राहिलं नाही.

आणि उच्चार: हा शब्द राउट असा आहे, 'शाउट'शी जुळणारा. रूट म्हणजे रस्ता, त्याच्या शेवटी ई असतो. लिहिताना तो ई चुकून लागला की वाक्याचा अर्थच बिघडतो, आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

दुसरी पायरी: खेळ झाला का?

ही पायरी छोटी आहे पण लोक इथे हमखास घसरतात. १९७४ च्या डेव्हिस कप टेनिसमध्ये भारत अंतिम फेरीत पोचला. समोर होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला मिळाला. अमृतराज बंधूंच्या पिढीला विजेतेपदाची इतकी जवळची संधी होती आणि देशाने ती सोडली. इंग्रजीत या एका घटनेला दोन शब्द लागतात: भारताने बॉयकॉट केला, दक्षिण आफ्रिकेला वॉकओव्हर मिळाला. त्याला विजय म्हणून शटआउट किंवा स्वीप म्हणणं अशक्य, कारण चेंडूच टाकला गेला नाही.

वॉकओव्हरचा दुसरा, सैल अर्थ म्हणजे फार सोपा विजय. बातमीत हा दुसरा अर्थ टाळावा, कारण वाचक गोंधळतो. बाय वेगळा: त्यात प्रतिस्पर्धी नेमलेलाच नसतो, तुम्ही थेट पुढच्या फेरीत जाता. फॉरफिट म्हणजे नियम मोडल्यामुळे किंवा हजर न राहिल्यामुळे सामना गमावणं.

निवडणुकीतही हाच प्रश्न विचारा. २०२४ च्या लोकसभेत सुरतची जागा बिनविरोध गेली. तिथे 'इलेक्टेड अनअपोज्ड' हेच म्हणायचं, लँडस्लाइड नाही. लँडस्लाइडला लढत लागते. दिल्ली विधानसभेत २०१५ ला आम आदमी पक्षाने ७० पैकी ६७ जागा घेतल्या, तो लँडस्लाइड. त्याच निवडणुकीत काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. त्यासाठी 'ड्रू अ ब्लँक' हा वाक्प्रचार चपखल. भाजपला तीन मिळाल्या, म्हणून आपचा विजय क्लीन स्वीप नव्हे. खरा क्लीन स्वीप पाहायचा तर सिक्कीम, १९८९: सिक्कीम संग्राम परिषदेने ३२ पैकी ३२ जागा जिंकल्या. अनामत जप्त होणं म्हणजे 'लूज द डिपॉझिट'. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की ती जाते.

तिसरी पायरी: त्या त्या खेळाची बोली

एकदा मोजणी ठरली की त्या क्षेत्रातली माणसं काय म्हणतात ते पाहा. शटआउट हा मुळात अमेरिकेतला शब्द, बेसबॉल आणि आइस हॉकीतला. तिथे तो एका माणसाच्या नावावर जमा होतो: बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या, आइस हॉकीत गोलरक्षकाच्या. पिचर वॉल्टर जॉन्सनच्या नावावर ११० शटआउट आहेत, आइस हॉकीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडरच्या नावावर १२५. ब्रिटिश फुटबॉलमध्ये त्याच गोष्टीला क्लीन शीट म्हणतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोलरक्षक पीटर चेकच्या २०२ क्लीन शीट आहेत. आपल्याकडे फुटबॉलचं समालोचन ब्रिटिश वळणाचं असल्याने क्लीन शीटच लिहावं. एक बारकावा: क्लीन शीट पराभवात जमा होत नाही पण ०-० बरोबरीत होते, म्हणजे त्यातून विजय आपोआप सूचित होत नाही.

टेनिसमध्ये ६-० असा सेट म्हणजे बेगल. बेगल हा मधे भोक असलेला पाव, आकार शून्याचा. दोन्ही सेट तसे गेले की डबल बेगल. १९८८ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफने नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-० हरवलं; २०२५ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेकने अमांडा ॲनिसिमोव्हाला तसंच, ५७ मिनिटांत. ६-१ ला ब्रेडस्टिक म्हणतात. हे शब्द खेळकर आहेत. मथळ्यात शोभतात, पण हरलेल्या खेळाडूच्या डोळ्यांत पाणी असताना मजकुरात ते पुन्हा पुन्हा घालू नयेत.

कबड्डीतला लोण म्हणजे इंग्रजीत ऑल आउट. क्रिकेटच्या ऑल आउटनंतर डाव संपतो. कबड्डीत समोरच्यांना दोन जादा गुण मिळतात आणि सगळे गडी पुन्हा मैदानात येतात. परदेशी वाचकासाठी लिहिताना हे एका वाक्यात सांगावंच लागतं. कॅरममध्ये व्हाइट स्लॅम आणि ब्लॅक स्लॅम हे शब्द आहेत तसेच ठेवावेत, मुंबईतल्या चाळींपासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत तेच चालतात. स्कंक हा अमेरिकन शब्द पत्त्यांच्या क्रिबेज खेळात ३१ किंवा जास्त गुणांनी हरवण्यासाठी आहे. तो ओळखीचा असावा, वापरायची वेळ बहुधा येणार नाही.

चौथी पायरी: वाक्य तपासा

शब्द नेमका सापडला तरी वाक्य चुकलं तर उपयोग नाही, आणि आपल्या मराठी वळणामुळे काही चुका ठरलेल्या आहेत.

विन या क्रियापदाला सामना, मालिका, चषक लागतो. माणूस किंवा संघ लागत नाही. 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया' असं लिहिलं तर भारताने ऑस्ट्रेलिया हा देशच बक्षीस म्हणून मिळवला असा अर्थ होतो. संघाला बीट किंवा डिफीट करायचं. 'इंडिया वन ओव्हर ऑस्ट्रेलिया' हे त्याहून फसवं, कारण विन ओव्हर म्हणजे मन वळवणं, आपलंसं करणं. ओव्हर हवा असेल तर नाम घ्या: 'इंडियाज व्हिक्टरी ओव्हर ऑस्ट्रेलिया'. विन ठेवायचा असेल तर अगेन्स्ट.

डिफीट हे नाम म्हणून आलं की कोण हरलं हे पुढच्या छोट्या शब्दावर ठरतं. 'इंडियाज डिफीट' म्हणजे भारताचा पराभव. 'इंडियाज डिफीट ऑफ न्यूझीलंड' म्हणजे न्यूझीलंडचा पराभव. घाईत वाचणाऱ्याला हे उलटं दिसू शकतं, म्हणून मी तरी अशा ठिकाणी 'विन' वापरतो.

बीटचा भूतकाळ बीटच, पण कर्मणी रूप बीटन. 'दे वेअर बीटन', 'दे वेअर बीट' नाही. शटची तिन्ही रूपं एकच. क्रियापद म्हणून शट आउट दोन शब्दांत, नाम म्हणून शटआउट जोडून. हेच लॉक आउट आणि लॉकआउटचं.

शट आउट तर दोन्ही कामं करतो: खेळात शून्यावर रोखणं आणि बाहेर ठेवणं. कुठला अर्थ आहे हे पुढचा शब्द सांगतो. 'शट आउट ऑफ द मीटिंग' म्हणजे बैठकीत येऊच दिलं नाही. 'शट आउट बाय द होम टीम' म्हणजे यजमानांनी खातं उघडू दिलं नाही. ब्लँकचंही तसंच, पण तिथे देश बदलला की अर्थ बदलतो: अमेरिकन क्रीडापानावर 'ब्लँक' करणं म्हणजे शून्यावर हरवणं, ब्रिटिश बोलण्यात कुणाला ब्लँक करणं म्हणजे समोर दिसूनही ओळख न दाखवणं.

बाहेर ठेवणाऱ्या जवळपास सगळ्या क्रियापदांना फ्रॉम लागतो: एक्सक्लूड फ्रॉम, बार फ्रॉम, बॅन फ्रॉम, डिबार फ्रॉम, एक्स्पेल फ्रॉम. मराठीतल्या 'ला' मुळे आपण तिथे टू घालतो, तो काढून टाका. प्रोहिबिटला फ्रॉम आणि पुढे आयएनजीचं रूप. टू लागतो तो फक्त फर्बिडला.

पाचवी पायरी: दार कुणी बंद केलं?

बाहेर ठेवण्याच्या शब्दांत हा मुख्य प्रश्न आहे. सत्ता असलेल्याने वरून, बरोबरीच्यांनी मिळून, की ज्याला त्रास होतोय त्यानेच पाठ फिरवून? आणि लगेच दुसरा प्रश्न: तो माणूस आधी आत होता का?

आत असलेल्याला काढलं तर एक्स्पेल, आधीच येऊ दिलं नाही तर बार किंवा एक्सक्लूड, काही काळापुरतं थांबवलं तर सस्पेंड. २०१५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स हे संघ आयपीएलमधून दोन वर्षांसाठी सस्पेंड झाले आणि २०१८ ला परतले. एक्स्पेल झाले असते तर परतीचा प्रश्न असा आपसूक सुटला नसता. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या: १९६४ च्या ऑलिंपिकचं निमंत्रण मागे घेतलं, तेव्हा तो देश बार झाला, १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सदस्यत्वच काढलं, तेव्हा एक्स्पेल झाला. १९९२ ला बार्सिलोनात तो परत आला.

रस्टिकेट हा शब्द आपल्याकडच्या कॉलेजांत सर्रास 'कायमचं काढून टाकणं' म्हणून चालतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्याचा अर्थ काही काळासाठी विद्यापीठापासून दूर पाठवणं असा. मुळात लॅटिनमधल्या खेड्याच्या शब्दावरून आलेला. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात तो टाळून सस्पेंड किंवा एक्स्पेल यांतलं जे खरं असेल ते लिहा. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावर याने परिणाम होऊ शकतो.

डिबार आणि डिसबार एकमेकांच्या जागी वापरू नका. परीक्षार्थीला किंवा कंत्राटदाराला डिबार करतात; केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत कंत्राटदारांसाठी हाच शब्द आहे. डिसबार फक्त वकिलाला करतात, सनद काढून घेऊन. 'कँडिडेट वॉज डिसबार्ड' असं वाचलं की तो उमेदवार वकील होता असं वाटतं.

तडीपारीला भारतीय कायद्याच्या इंग्रजीत एक्स्टर्नमेंट म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ५५ ते ५७ खाली पोलीस एखाद्याला ठरावीक हद्दीबाहेर पाठवू शकतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. भारतात हा शब्द बरोबर आहे. लंडनच्या वाचकाला तो कळणार नाही. तिथे 'ऑर्डर्ड टू लीव्ह द डिस्ट्रिक्ट' असं उघड लिहावं. डिपोर्ट लिहू नये, कारण ते देशाबाहेर काढण्यासाठी आहे.

आता बरोबरीच्यांनी मिळून केलेलं. ऑस्ट्रासाइजचं मूळ अथेन्समध्ये, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. नागरिक मातीच्या भांड्याच्या खापरीवर नाव खरवडायचे. त्या खापरीला ऑस्ट्राकॉन म्हणत. किमान सहा हजार खापऱ्या पडल्या तर ज्याचं नाव जास्त वेळा आलं त्याने दहा वर्षं शहर सोडायचं. त्याची मालमत्ता शाबूत राहायची आणि गुन्हा सिद्ध करावा लागत नसे. सॅलमिसची लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीससुद्धा यातून सुटला नाही. ब्लॅकबॉल हा इंग्रज क्लबांचा शब्द: गुप्त मतदानात पेटीत काळी गोळी पडली की नव्या सदस्याला प्रवेश नाही. ब्लॅकबॉल प्रवेशाआधी, ऑस्ट्रासाइज आत असलेल्याला.

बॉयकॉट हे माणसाचं आडनाव आहे. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी होता. खंडावरून कुळांशी तंटा झाला आणि कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेच्या सांगण्यावरून मजूर त्याच्या शेतात येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल पोचवणं अवघड झालं. पीक काढायला सैनिकांच्या पहाऱ्यात बाहेरून माणसं आणावी लागली. म्हणजे शब्द जन्मला तो खालच्यांनी वरच्याशी व्यवहार तोडला म्हणून. आजही इंग्रजीत बॉयकॉट करणारा सहसा स्वतः दूर राहतो: १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बॉयकॉट टाकला म्हणजे अमेरिका गेली नाही.

म्हणूनच 'वाळीत टाकणं' इंग्रजीत नेताना विशेष काळजी हवी. गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाचं पाणी, किराणा, लग्नकार्य, अंत्ययात्रेला खांदा देणं बंद करायचं, ही गोष्ट दुबळ्यावर होते. नुसतं 'द फॅमिली वॉज बॉयकॉटेड' वाचून परक्या वाचकाला ही तीव्रता कळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' हे शब्द आहेत. २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तक्रारीत, अर्जात, बातमीत सोशल बॉयकॉट हेच लिहा, कारण पोलीस आणि न्यायालय ते शब्द शोधतात. मजकुरात पुढे ऑस्ट्रासाइज वापरता येईल. एक्सकम्युनिकेट मात्र धर्मसत्तेने धर्मसमुदायाबाहेर काढण्यासाठी. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता आणि दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ ला तो रद्द ठरवला.

आणखी एक अक्षराचा फरक: आउटकास्ट या शब्दाच्या शेवटी ई नसेल तर समाजाने झिडकारलेला कुणीही; ई असेल तर जातिव्यवस्थेबाहेर ढकललेला. जातीबद्दल लिहिताना ई विसरू नका. तो नसला की अत्याचाराचं कारणच मजकुरातून गळून पडतं.

मराठीतल्या टाळेबंदीसाठीही इंग्रजीत दोन शब्द आहेत. मालकाने कामगारांना गिरणीबाहेर ठेवलं तर लॉकआउट, २०२० सारखं सगळ्यांना घरात थांबवलं तर लॉकडाउन. आणि १९८२ चा मुंबईतल्या गिरणी कामगारांचा लढा स्ट्राइक होता, कामगारांनी पुकारलेला. त्याला लॉकआउट म्हटलं तर जबाबदारी मालकांवर जाते आणि इतिहास बदलतो.

सत्ता नाही, कागद नाही, नुसती वागणूक असेल तर लीव्ह आउट, फ्रीज आउट, कोल्ड-शोल्डर. ब्रिटनमध्ये सगळ्यांनी मिळून एखाद्याशी बोलणं टाकलं की 'सेंट टू कॉव्हेंट्री'. मुलीला वर्गातल्या गटाने खेळात घेतलं नाही, अशी शाळेला चिठ्ठी लिहायची असेल तर 'लेफ्ट आउट' पुरेसं आहे. ऑस्ट्रासाइज्ड लिहिलं की प्रकरण चौकशीपर्यंत जातं. तसंच घडलं असेल तर जरूर लिहा.

सहावी पायरी: वजन

खेळाच्या बातमीत मॅसकर, स्लॉटर, ॲनायहिलेट हे शब्द मी वापरत नाही. पहिल्या दोघांत माणसं मरतात. डेसिमेट टाळण्याचं आणखी एक कारण आहे: मूळ रोमन शिक्षेत दहांतला एक मारला जायचा, त्यामुळे जाणकार वाचकाला 'पार नायनाट' हा अर्थ खटकतो. व्हाइटवॉशच्या दुसऱ्या अर्थाकडेही लक्ष ठेवा. 'द रिपोर्ट वॉज अ व्हाइटवॉश' म्हणजे अहवालाने पांघरूण घातलं. क्रिकेट मंडळाच्या चौकशी समितीबद्दल लिहिताना एकाच परिच्छेदात हा शब्द दोन अर्थांनी आला तर वाचक अडकतो. मालिकेसाठी तिथे 'लॉस्ट ऑल थ्री टेस्ट्स' लिहून टाका.

शब्दकोड्यांसाठी

'शट आउट' ही ओळ इंग्रजी कोड्यांत वारंवार येते. शटचं रूप बदलत नसल्याने उत्तर वर्तमानातलंही असू शकतं आणि भूतकाळातलंही. तीन घरं असतील तर बार किंवा बॅन. पाच असतील तर डिबार, ब्लँक, स्कंक यांतलं जुळवून पाहा. सहा असतील तर आधी बार्ड किंवा बँड, म्हणजे भूतकाळ, तपासा. शेवटची दोन घरं ई आणि डी अशी निघाली तर वाट बरोबर आहे. 'वन डिसायसिव्हली' अशी ओळ असेल तर क्रियापद भूतकाळात असणार, मग राउटेड सात घरांत बसत नाही, सहांत बसतं. स्वेप्टला पाच लागतात. गूढ (क्रिप्टिक) पद्धतीच्या कोड्यात आउट हा शब्द अक्षरांची उलथापालथ करा अशी खूणही असतो, तेव्हा 'शट आउट' एकत्र वाचण्याचा मोह आवरून आउटच्या शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजून घ्या.